‘वायफाय चालत नाही’ या निकालाचा प्रतिवाद

गिरगावपासून लालबागपर्यंतच्या अनेक घरांत २००८ ते २०१२ या काळात घेतलेला एखादा छोटा लॅपटॉप, म्हणजे ‘नेटबुक’ या नावाने त्या वेळी विकले गेलेले सात ते दहा इंची पडद्याचे यंत्र, आज कपाटाच्या माथ्यावर पडून असते, आणि ते का पडून आहे याचे उत्तर बहुधा एकच मिळते: त्यावर वायफाय चालत नाही. या उत्तराच्या पाठोपाठ एक निष्कर्षही न विचारता येतो. यंत्र जुने झाले, त्याचे दिवस भरले, आता ते भंगारात घालावे किंवा नव्या खरेदीच्या वेळी बदल्यात देऊन टाकावे, असा हा निष्कर्ष असतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप त्याला आहे. एका लक्षणाला निदान समजले गेले, त्या निदानाला वयाचे कारण चिकटवले गेले, आणि वय हे कोणाच्याच हातात नसल्यामुळे पुढचा तपास आपोआप थांबला, असा या निकालाचा प्रवास आहे.

हे मत मांडणारे सगळेच विक्रीच्या लोभाने बोलतात असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद असा आहे की बिनतारी जोडणीची मानके गेल्या पंधरा वर्षांत अनेकदा बदलली, कूटलेखनाच्या म्हणजे संदेश सांकेतिक रूपात पाठवण्याच्या पद्धती कडक झाल्या, संकेतस्थळे जड झाली, आणि या सगळ्यांना पुरे पडेल असे बळ एका अॅटम प्रोसेसरच्या, एक जीबी स्मृतीच्या यंत्रात नाही. तेव्हा वायफाय बंद पडणे ही त्या सर्वांगीण वार्धक्याची केवळ पहिली खूण आहे. युक्तिवाद ऐकायला सुसंगत आहे. त्यातली प्रत्येक गोष्ट सुटी केली म्हणजे मात्र असे दिसते की मानके, सांकेतिक पद्धती आणि संकेतस्थळांचे वजन या तीन वेगळ्या बाबी असून त्यांपैकी एकीचाच यंत्राच्या ताकदीशी थेट संबंध आहे.

प्रथम यंत्राकडेच पाहावे. आसुस कंपनीचे ‘ई पीसी ७०१’ ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानमध्ये बाजारात आले. सात इंची पडदा, चार जीबी साठवण आणि विंडोजऐवजी लिनक्सची झॅन्ड्रॉस ही आवृत्ती असे त्याचे स्वरूप होते. २००८ मध्ये एसरचे ‘अस्पायर वन’ आले, आणि त्याच वर्षी भारतात एचसीएलने ‘मायलीप’ मालिका काढली. या यंत्रांत वायफायचा भाग सहसा मदरबोर्डमध्ये कायमचा ओतलेला नसे. मिनी पीसीआय एक्स्प्रेस नावाच्या खाचेत बसणारे, एकदोन स्क्रूंनी धरलेले आणि पडद्याच्या चौकटीतून येणाऱ्या बारीक अँटेना-तारा ज्याला जोडल्या जातात असे ते एक स्वतंत्र कार्ड असे. म्हणजे ज्या भागाच्या नावाने संपूर्ण यंत्र बाद केले जाते तो त्या यंत्रातील बदलता येण्याजोगा सुटा भाग आहे, आणि तो निकामी झालाच असेल तरी निकाल त्या कार्डापुरता द्यायला हवा. रोग रेड्याला आणि इलाज पखालीला, असा प्रकार येथे घडतो.

परंतु कार्ड निकामी झाले आहे हे गृहीतकसुद्धा बहुतेक वेळा तपासलेले नसते, आणि वयाचा युक्तिवाद सर्वांत जास्त कोसळतो तो येथेच. ई पीसी ७०१ आणि पहिल्या अस्पायर वनमध्ये अॅथेरॉस कंपनीचे ‘एआर५००७ईजी’ या नावाने ओळखले जाणारे कार्ड असे. २००८ साली हे कार्ड असलेल्या यंत्रावर वेगळे लिनक्स टाकणाऱ्याला वायफायसाठी मोठी यातायात करावी लागे, कारण ड्रायव्हर, म्हणजे कार्यप्रणाली आणि उपकरण यांच्यात दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली, मोकळ्या स्वरूपात तयार नव्हती. ‘एनडिसरॅपर’ नावाच्या मध्यस्थ आज्ञावलीत विंडोजचा ड्रायव्हर गुंडाळून तो लिनक्सवर चालवण्याची कसरत तेव्हा सर्रास होई. ‘एथ५के’ हा मोकळा ड्रायव्हर २००८ च्या एप्रिलमध्ये लिनक्सच्या २.६.२५ या गाभ्यात आला, पुढच्या काही आवृत्त्यांत या विशिष्ट कार्डाचा आधार पक्का झाला, आणि त्यानंतर तेच कार्ड काहीही न करता चालू होऊ लागले. याचा अर्थ असा की हे यंत्र जसजसे जुने झाले तसतसे त्यावर वायफाय चालवणे सोपे होत गेले. वय हेच कारण असते तर क्रम उलटा असायला हवा होता.

ब्रॉडकॉम कंपनीच्या कार्डांची कथा याहून कडू आहे, आणि डेलचे ‘मिनी ९’ यासारख्या नेटबुकांत ती कार्डे होती म्हणून ती सांगणे भाग आहे. या कार्डांना ड्रायव्हरखेरीज फर्मवेअरही लागते. फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या छोट्या प्रोसेसरवर चालणारी, सुरू होताना त्यात भरावी लागणारी आज्ञावली. कंपनीने कार्डाची माहिती उघड न केल्यामुळे स्वयंसेवकांनी कंपनीच्या बंदिस्त ड्रायव्हरचे वर्तन उलगडून ‘बी४३’ हा ड्रायव्हर लिहिला, जो २००८ च्या जानेवारीत गाभ्यात आला. पण फर्मवेअर वाटण्याची परवानगी नसल्यामुळे ते वापरणाऱ्याने स्वतः मिळवून, मूळ ड्रायव्हरमधून कापून काढावे लागे, आणि मिळवायचे म्हणजे इंटरनेट हवे. वायफाय सुरू होण्यासाठी फर्मवेअर, आणि फर्मवेअरसाठी चालू इंटरनेट, हा फेरा ज्याने अनुभवला त्याने कंटाळून ‘चालत नाही’ म्हटले तर त्याला दोष देता येत नाही. डेबियनने जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून बंदिस्त फर्मवेअर स्थापनेच्या चकतीतच देण्यास सुरुवात केली तरी ब्रॉडकॉमच्या या जुन्या कार्डांचे फर्मवेअर परवान्याअभावी तीत येऊ शकत नाही. तासाभरासाठी केबलवाल्याची लॅन तार यंत्रात खोचली, किंवा मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट यंत्राला दिले, की हा फेरा तुटतो. येथे जे तुटले होते ते उपकरण नसून एक परवाना होता, आणि परवान्याला वार्धक्य येत नाही.

बंदिस्तपणाचा हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत परिसरातील खैराट या वाडीच्या एकशिक्षकी शाळेत झाला, आणि त्यात वापरलेली हिरवी-पांढरी ‘एक्सओ’ यंत्रे ही छोट्या लॅपटॉपची आद्य पिढीच म्हणावी लागेल. त्यांत मार्व्हेल कंपनीची वायफाय चिप होती, जी एका यंत्राचा संदेश दुसऱ्या यंत्रामार्फत पुढे पाठवून परस्परांचे जाळे विणू शके, म्हणजे गावात मनोरा नसला तरी मुलांची यंत्रे आपापसांत बोलू शकत. कल्पना उत्तम होती. पण त्या चिपचे फर्मवेअर बंद होते, आणि ओपनबीएसडी प्रकल्पाचे प्रमुख थिओ डी राट यांनी २००६ सालीच, म्हणजे यंत्रे मुलांच्या हाती पडण्यापूर्वी, त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. प्रकल्पाच्या समर्थकांचे म्हणणे असे होते की कमी वीज खाणारी दुसरी चिप उपलब्ध नव्हती. ते खरे मानले तरी आक्षेप शिल्लकच राहतो, कारण जे यंत्र उघडून शिकता यावे म्हणून मुलाला दिले त्याच्या नेमक्या बोलणाऱ्या अवयवाला कुलूप होते.

आता दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाकडे वळावे, ज्यात वायफाय प्रत्यक्षात चालू असते आणि तरीही ते बंद ठरवले जाते. पडद्याच्या कोपऱ्यात जोडणीच्या पट्ट्या भरलेल्या दिसतात, पण एकही पान उघडत नाही. दुकानात याचेही निदान ‘कार्ड गेले’ असेच होऊ शकते. अशा यंत्रात पहिली तपासणी घड्याळाची व्हायला हवी. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज तुटताच तारीख मागे जाते, आणि सुरक्षित संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र विशिष्ट तारखांच्या दरम्यानच वैध असल्यामुळे २००८ सालात वावरणाऱ्या यंत्राला आजचे प्रत्येक प्रमाणपत्र ‘अद्याप लागू न झालेले’ दिसते. दुसरी अडचण ३० सप्टेंबर २०२१ रोजी उद्भवली. त्या दिवशी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे मानली जात होती त्याची मुदत संपली, आणि ज्या यंत्रांच्या यादीत नवे मूळ प्रमाणपत्र पोचले नव्हते त्यांच्यावर असंख्य संकेतस्थळे एकाएकी उघडेनाशी झाली. तिसरी अडचण विंडोज एक्सपीवरील जुन्या इंटरनेट एक्सप्लोररची, ज्याला सुरक्षित जोडणीच्या आजच्या पद्धती समजतच नाहीत. या तिन्हींपैकी एकाही बिघाडाचा वायफायशी संबंध नाही. एक बॅटरी आणि अद्ययावत ब्राउझर यांनी जे सुटते त्यासाठी यंत्राची अंत्ययात्रा काढली जाते.

मानकांचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि त्याची मुंबईतील हकीकत तपशिलाने पाहण्यासारखी आहे. जुलै २००८ मधील अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका असुरक्षित वायफाय जोडणीवरून गेल्याचे उघड झाले, ऑगस्टमध्ये दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या जाळ्यातून आणि सप्टेंबरमध्ये तिसरा चेंबूरहून गेला. जाळ्याच्या मालकांचा त्यात हात नव्हता. त्यांचे दार उघडे होते एवढेच. त्यानंतर मुंबई पोलिसांनी असुरक्षित वायफाय शोधण्याची मोहीम उघडली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वापरकर्त्याची ओळख नोंदवण्याबाबत सूचना काढल्या. ज्या काळात नेटबुके मुंबईच्या घरांत येत होती त्याच काळात मुंबईचे वायफाय कुलूपबंद होत होते, हा योगायोग लक्षात घ्यावा. त्या कुलपांपैकी ‘वेप’ हे जुने मानक २००१ सालीच संशोधकांनी फोडलेले होते. त्याच्या जागी आलेले ‘डब्ल्यूपीए२’ हे मार्च २००६ पासून वायफायच्या प्रमाणीकरणासाठी सक्तीचे झाले. नेटबुके त्यानंतरची असल्यामुळे त्यांच्या कार्डांना डब्ल्यूपीए२ येतेच, आणि आजही बहुसंख्य राउटर तेच बोलतात. अडचण येते ती राउटर २०१८ च्या ‘डब्ल्यूपीए३’ या मानकावरच बांधून ठेवला असेल तर, कारण जुन्या विंडोजला ते समजत नाही. मिश्र पद्धत निवडली की ती अडचण उरत नाही.

वाहिन्यांची बाबही अशीच आहे. जुनी कार्डे २.४ गिगाहर्ट्झ या एकाच लहरपट्ट्यात चालतात, ज्यात भारतात तेरा वाहिन्या वापरता येतात, पण अमेरिकेत अकराच. अमेरिकेतील नातेवाइकांकडून आलेल्या यंत्राच्या कार्डात अमेरिकी नियम कोरलेले असतील आणि राउटरने स्वतःहून बारावी किंवा तेरावी वाहिनी निवडली असेल, तर त्या यंत्राला शेजारपाजारची सगळी जाळी दिसतात आणि घरातलेच तेवढे दिसत नाही. अशा वेळी यंत्राला बहिरे ठरवण्यापूर्वी राउटरची वाहिनी सहावर आणून पाहणे हे काही फार मोठे शास्त्र नव्हे.

येथे जागेचाही विचार करावा लागतो, कारण रेडिओलहरींना इमारतीचा दर्जा कळत नसला तरी भिंत कळते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ बीडीडी चाळी सलोह काँक्रीटच्या, आणि गिरगावातील अनेक जुन्या चाळी लाकडी सांगाड्यात वीट भरलेल्या. काँक्रीट आणि त्यातील लोखंड लहरी जास्त अडवतात, म्हणून गॅलरीच्या टोकाला ठेवलेल्या सामायिक राउटरवर एकच नेटबुक एका चाळीत चालते आणि दुसरीत अडखळते. नव्या यंत्रांचा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी भिंतींतून जाताना तो २.४ हून अधिक क्षीण होतो, तेव्हा दोन खोल्यांपलीकडे जुने कार्ड जोडणी धरून ठेवते आणि नवे सोडून देते, असे घडण्यात नवल नाही. अर्थात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: दीडशे-एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या एकमेकींना चिकटलेल्या आणि प्रत्येकीत राउटर असला की २.४ च्या पट्ट्यात परस्परांवर न येणाऱ्या तीनच वाहिन्या, म्हणजे एक, सहा आणि अकरा, सगळ्यांना वाटून घ्याव्या लागतात, आणि वेग कोसळतो. ही गर्दी आहे. गर्दीला म्हातारपण म्हणत नाहीत. शिवाय पडद्याच्या बिजागरीपाशी हजारदा दुमडलेली अँटेनाची तार तुटलेली असेल, तर राउटरशेजारी चालणारे आणि उंबऱ्यापाशी मरणारे वायफाय मिळते. तेही पुष्कळदा ‘कार्ड गेले’ याच सदरात जमा होते.

कार्ड खरोखरच गेलेले असेल तर ते बदलावे, असे म्हटल्यावर एक अनपेक्षित भिंत आडवी येते, आणि ती मात्र निर्मात्यांनी बांधलेली आहे. आयबीएम-लेनोवो आणि एचपी यांच्या त्या काळातील अनेक यंत्रांच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वप्रथम चालणाऱ्या आज्ञावलीत, मान्य कार्डांची यादी असे. यादीबाहेरचे कार्ड बसवले तर थिंकपॅड ‘१८०२’ हा क्रमांक दाखवून अनधिकृत कार्ड बसवल्याचे सांगे आणि पुढे जाण्यास नकार देई. रेडिओ उपकरण त्याच्या अँटेनासह एकत्र प्रमाणित झालेले असते, म्हणून असा अटकाव आवश्यक होता, हे त्याचे समर्थन केले जाते. पण त्याच यंत्राच्या यूएसबी खाचेत कोणत्याही कंपनीचे वायफाय डोंगल बिनतक्रार चालत असल्यामुळे हे समर्थन फार लांब जात नाही. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही वाट सोयीचीच आहे, कारण काही शे रुपयांत मिळणारे डोंगल आतील कार्डाचा प्रश्नच मोडीत काढते. फक्त खोक्यावरच्या नावावर विसंबून चालत नाही. टीपी-लिंकच्या ‘डब्ल्यूएन७२२एन’ या एकाच नावाच्या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अॅथेरॉसची ‘एआर९२७१’ ही चिप होती, जिचे फर्मवेअरसुद्धा पुढे मोकळे झाले, तर दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची निराळी चिप आली. विकत घेताना आवृत्तीचा अंक वाचणे हे येथे किमतीची घासाघीस करण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

सुरक्षिततेचा आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधील ‘क्रॅक’ नावाचा दोष उघड झाला तेव्हा त्याची दुरुस्ती प्रामुख्याने वापरणाऱ्याच्या यंत्रावर करावी लागणार होती, आणि देखभाल संपलेल्या यंत्रावर ती पोचणे शक्यच नव्हते. एक्सपीवर बँकेचे व्यवहार करू नयेत हे निर्विवाद आहे. परंतु हा युक्तिवाद कार्यप्रणाली बदलण्याचा आहे, यंत्र बदलण्याचा नव्हे, आणि दोन्ही एकच असल्यासारखे मांडणे हा बाजाराच्या सोयीचा घोटाळा आहे. दुसऱ्या टोकाला, ‘लिनक्स टाका, सगळे सुटेल’ असे सांगणाऱ्या उत्साही मंडळींनाही येथे थांबवावे लागते. अॅटम एन२७० हा प्रोसेसर ३२-बिटी आहे; उबुंटूने ३२-बिटी यंत्रांसाठीची मुख्य चकती २०१७ मध्येच बंद केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत अशा यंत्रांसाठी स्थापनेची सोय नाही. म्हणजे डेबियनपुरते बोलायचे तर बारावी आवृत्ती ही या यंत्रांच्या वाटेवरची शेवटची धर्मशाळा आहे. व्हिडिओ बैठका आणि जड संकेतस्थळे यांवर हे यंत्र दमते, हेही नाकारण्यात अर्थ नाही. टंकलेखन, ईमेल, पीडीएफ वाचणे आणि मजकूरप्रधान संकेतस्थळे एवढे ते करते, आणि अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका उतरवून घेणाऱ्याला बहुतेक दिवशी त्याहून अधिक लागत नाही.

सार्वजनिक वायफायच्या बाबतीत मात्र यंत्राची बाजू लंगडी पडते, आणि त्याचे कारण रचनेत आहे. मुंबई सेंट्रल स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगल यांची देशातील पहिली स्थानक-वायफाय सेवा सुरू झाली, जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने मुंबईत ५०० ठिकाणी वायफाय सुरू केले, आणि डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजनेला मान्यता दिली. या सगळ्यांत प्रवेशाची किल्ली मोबाइलवर येणारा सांकेतिक अंक किंवा मोबाइलचे अॅप ही आहे. ज्याच्या हाती फोन आहे त्यालाच लॅपटॉपवर फुकट जोडणी, हा विरोधाभास २००९ च्या सूचनांपासून चालत आला आहे. त्याचा दोष एखाद्या जुन्या अॅथेरॉस कार्डाच्या माथी मारता येत नाही.

संगणकाच्या दुकानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लॅमिंग्टन रोडचा, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाचा, व्यवहारही समजून घ्यावा. घड्याळ, ड्रायव्हर, वाहिनी, तार, कार्ड असा क्रमाने तपास करायला कारागिराचा तास जातो, त्या तासाचे पैसे ग्राहक आनंदाने देत नाही, आणि नवे यंत्र विकण्यात तेवढ्याच वेळात त्याहून जास्त सुटते. तेव्हा ‘यात दम नाही’ हे वाक्य दुकानाच्या वेळेचा हिशेब असते, यंत्राच्या आयुष्याचा नव्हे. तो हिशेब दुकानापुरता बरोबर आहे. चूक घडते ती ग्राहक तोच हिशेब घरी घेऊन येतो तेव्हा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांतसुद्धा नूतनीकरणाला, म्हणजे जुने उपकरण दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याला, स्वतंत्र प्रमाणपत्राची जागा दिलेली आहे, मग घरानेच त्याला आधी कचरा का म्हणावे हे समजत नाही. आणि ज्या संस्थांकडे सामायिक राउटर आहे, मग ती गिरगावातील अभ्यासिका असो की परळच्या चाळीची समिती, त्यांना तर दुकानाची पायरीही चढावी लागत नाही: २.४ चा पट्टा चालू ठेवणे, वाहिनी एक, सहा किंवा अकरा यांपैकी निवडणे आणि कूटलेखन डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ अशा मिश्र पद्धतीवर ठेवणे, हे तीन बदल राउटरच्या मांडणीच्या पानावर होतात आणि त्यासाठी कोणाचाही लॅपटॉप उघडावा लागत नाही.